खोट घेऊन या

पहिली पाळी सुटली तेव्हा वैभवीच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. सात ते तीन, आणि त्यातले पाच तास उभ्याने. औषध कारखान्याच्या तपासणी विभागात शनिवारीच नेमके बावीस नमुने आले, आणि त्यातल्या एकाचं वजन तीनदा करूनही जुळेना. चौथ्यांदा जुळलं. बोईसर स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षात शेजारचे दोन कामगार ओव्हरटाइमवरून हिंदीत हमरीतुमरीवर आले होते. एरवी तिने कान दिला असता. आज घरी जाऊन पंख्याखाली फरशीवर आडवं व्हायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण आईने पाण्याच्या तांब्याबरोबरच बातमी हातात दिली.

"गोमाचा फोन आला होता. म्हणजे त्याच्या नातीचा. उद्या समद्यांनी यायचं म्हणे. सवतीला घेऊन."

सवत म्हणजे मँडोलिन. आईने, मैनाबाईंनी, ते नाव तीस वर्षांपूर्वी ठेवलं होतं आणि सोडलं नव्हतं.

तेव्हा वैभवीचे वडील, रामकिसन, परभणीकडून येऊन तारापूरच्या अणुवीज केंद्रात फिटर म्हणून लागले होते. त्यांच्याकडे एक जुनं, विकत घेतलेलं मँडोलिन होतं. एका गणपतीत कार्यक्रमाच्या ऐन तोंडावर त्याचं पोट फुटलं. कॉलनीत दारं-खिडक्या बसवायला तेव्हा गोमा सुतार यायचा, चिल्हार रस्त्याला आत असलेल्या पाड्यावरचा. त्याने ते फुटकं वाद्य आठवडाभर घरी नेलं, उघडलं, आणि परत येऊन म्हणाला, "ह्या नाय जोडता येणार. पन असा दुसरा करता येल." करायला त्याला वर्ष लागलं. पोट फणसाचं, वरची तबली, म्हणजे आवाज देणारी पातळ फळी, शिवणीची, तारा पेलणारी घोडी शिसवीची. ते पहिलं. मग कॉलनीतल्या वादकांना तसंच हवं झालं, मग दातिवऱ्याच्या एका लग्नपार्टीवाल्याला, आणि असं करत गोमाने एकूण सात केली. स्वतःच्या घरात एकही ठेवलं नाही.

दर वर्षी होळीआधीच्या एका रविवारी सगळे आपापलं वाद्य घेऊन त्याच्या अंगणात जमत. तारा बदलायच्या, खुंट्या तपासायच्या, गोमाच्या बायकोच्या, बुधीच्या हातचं जेवायचं. गेली काही वर्षं ते बंद पडलं होतं. आधी कोरोना, मग रामकिसनना आलेला झटका, मग गोमाचे गेलेले कान.

"काय म्हणाली ती नात, नीट सांग," वैभवी म्हणाली.

"म्हणली, आजा आठवं करतोय. शेवटचं, घरात ठेवायला. त्याच्या आधी जुनी बघायचीत त्याला. आणि म्हणली, कौतुक घरी ठेवून या, खोट घेऊन या." मैनाबाई हसल्या. "म्हाताऱ्याची मस्ती कमी नाही झाली."

खिडकीजवळच्या खुर्चीत रामकिसन बसले होते. उजवा हात मांडीवर, कोणी आणून ठेवावा तसा. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर हलत होती. झटक्यानंतर ही हालचाल सुरू झाली होती, आणि वैभवीने डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारलंही होतं. डॉक्टर म्हणाले होते, असतं असं कधी कधी.

"जायचं," रामकिसन म्हणाले. शब्द तोंडात जड व्हायचे, म्हणून ते थोडेच काढत. जरा थांबून म्हणाले, "काढ. बघू."

मँडोलिन आतल्या खोलीत, कपाटावर, पेटीत होतं. दीड वर्षांपूर्वी वैभवीनेच ते बाहेरच्या खोलीच्या भिंतीवरून काढून तिथं ठेवलं होतं. सगळ्यांना तिने जे कारण सांगितलं होतं ते खरंही होतं: पावसाळ्यात बोईसरच्या हवेत नव्वद टक्के आर्द्रता, वर कारखान्यांची हवा, पंधरा दिवसांत तारा गंजतात. तिने हवाबंद पेटी आणली. पेटीत सिलिका जेलच्या निळ्या मण्यांची पुरचुंडी ठेवली, जी ओल पिऊन गुलाबी झाली की भट्टीत तापवून पुन्हा निळी करायची. आर्द्रता दाखवणारं काडेपेटीएवढं यंत्रही आत चिकटवलं. दर पंधरा दिवसांनी ती पेटी अर्धीच उघडून पुरचुंडी बदलायची आणि आकडा बघायची. आकडा उतरत गेला तसं तिला बरं वाटत गेलं. आयुष्यात बाकी काही इतकं सरळ उतरत नव्हतं.

तिने पेटी पलंगावर घेतली आणि आज पूर्ण उघडली.

यंत्रावर तेवीस होतं. आणि तबलीवर, घोडीच्या पायापासून मधल्या भोकापर्यंत, लाकडाच्या रेषेरेषेने एक तडा गेला होता. ती बघत राहिली. मग पर्समधलं कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड काढून तिने त्याचा कोपरा तड्यात सरकवला. तो अलगद आत गेला.

तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. लाकूड हवेतली ओल घेतं आणि देतं. ओल काढून घेतली की आकसतं. कडा चिकटवलेल्या असतील तर आकसायला जागा नसते, मग ते फाटतं. हे तिला कॉलेजपासून माहीत होतं. कारखान्यात ती गोळ्यांच्या बाबतीत हाच विचार रोज करायची. घरच्या लाकडाच्या बाबतीत मात्र तिने फक्त तारांचा विचार केला होता.

"बरं हाय का?" बाहेरून वडिलांचा आवाज आला.

"तारा थोड्या गंजल्यात," ती म्हणाली. "उद्या गोमाकाकाच बघतील." आणि तिने पेटी बंद केली.

रविवारी सकाळी इंद्रजीतकाका गाडी घेऊन आले. ते वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षातून निवृत्त झालेले, सात मँडोलिनांतल्या तिसऱ्याचे मालक. रामकिसनना पुढच्या सीटवर बसवताना म्हणाले, "काय फिटरसाहेब, वजन वाढलं की तुमचं. बसून बसून खाताय." रामकिसन अर्ध्या तोंडाने हसले. वैभवी पेटी मांडीवर घेऊन मागे बसली. वाटेत इंद्रजीतकाका आपल्या वाद्याचं कौतुक सांगत राहिले. मुंबईच्या एका वादकाने कसं हातात घेतलं आणि खाली ठेवेना, परदेशी समजला, मग मी सांगितलं, पाड्यावरच्या सुताराने केलंय. ही गोष्ट तिने अनेकदा ऐकली होती. तिचं लक्ष पेटीवर होतं. तिथे पोचेपर्यंत बाबांना सांगावं, असं ती प्रत्येक वळणावर ठरवत होती. चिल्हार रस्त्याला वळणं बरीच आहेत. ती संपली.

अंगणात माणसं जमली होती. सातांतलं एक पुण्याला गेलेलं, बाकी सहा आली होती. एकाचा मालक गेल्या वर्षी वारला, त्याच्या बायकोने ते शेजाऱ्यांबरोबर पाठवलं होतं. दातिवऱ्याचा मनीष मोटरसायकलवरून आला होता, वाद्य पाठीला ताडपत्रीत गुंडाळून बांधलेलं.

गोमा ओट्यावर मांडीत शिवणीची फळी घेऊन बसला होता. सत्तरी ओलांडलेला, पण मनगटं अजून सुताराची. त्याने रामकिसनना पाहिलं आणि फळी बाजूला ठेवली.

"फिटर! जित्ता हाईस?"

"अर्धा," रामकिसन म्हणाले.

गोमाला ऐकू गेलं नाही. बुधीने कानाशी ओरडून सांगितलं, तेव्हा तो मोठ्याने हसला. "अर्धा तं मी पन. माजे कान गेले, तुजा हात. दोघां मिळून एक मानूस व्हयल."

मग त्याने एकेक वाद्य हातात घ्यायला सुरुवात केली. कानांनी ऐकू येत नव्हतं, म्हणून तो वाद्याच्या मानेचं टोक दातांत धरायचा, डोळे मिटायचा, आणि मालकाला तारा छेडायला सांगायचा. दातांतून हाडांत जे येई ते ऐकायचा. वैभवीला ही युक्ती पटली. हाड नाद चांगला वाहून नेतं.

"बोला," गोमा म्हणाला. "काय खोट हाय?"

"खोट?" इंद्रजीतकाका म्हणाले. "अरे गोमा, सत्तावीस वर्षं झाली, मधासारखं वाजतंय. हात लावला की बोलतं."

"ह्या तू गेल्या वेळी पन बोललास."

"माझं तर काय सांगू, गोमाबाबा," मनीष म्हणाला. "लग्नात बेंजो बाजूला ठेवून लोक बोलतात, मनीषचं मँडोलिन लाव. त्यात काय खोट काढू? पाप लागेल."

तिसरा म्हणाला, देवासारखं आहे. चौथ्याने सांगितलं, नातवंडांना हात लावू देत नाही. बुधी कोरा चहा फिरवत होती. गोमाने चहा घेतला नाही. त्याने मान खाली घातली आणि शिवणीच्या फळीवरून अंगठा फिरवत राहिला.

"ह्या मी मेल्यावर बोला," तो म्हणाला. "हार घालताना बोला. मला आठवा करायचाय. कुठला सांधा सुटला, कुठली मान वाकली, त्या मला कलल्याबिगर मी काय करू? सगळे बेस, सगळे बेस. मग मला दर बारी का वाटतं का पह्यल्यावानी नाय झाला?"

मग इंद्रजीतकाका म्हणाले, "आता पहिलंच बघ की. फिटरचं."

वैभवीने पेटी उघडली.

गोमाचं बोट तड्यावर गेलं आणि घोडीपासून भोकापर्यंत सावकाश सरकलं. अंगणातल्या साऱ्यांनी माना पुढे केल्या. वैभवीने वडिलांकडे बघितलं नाही.

"कोनी केला?"

"मी," ती म्हणाली.

"आं?"

"मी केलं, काका."

"मोठ्यानं बोल, बाय. ऐकू नाय येत."

"मी सुकवलं!" ती ओरडली. आपला आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. शेजारच्या घरातून एक बाई डोकावली. "पेटीत बंद करून ठेवलं! ओल शोषणारे मणी टाकले! दीड वर्ष!"

गोमा तिच्याकडे बघत राहिला. "सुकवला? बोंबील हाय का ता?"

मनीषला हसू आवरेना. "आमच्याकडे वलांडीवर बोंबलांच्या रांगेत घालायचा ताई, चार दिवसांत झाला असता."

ती हसली नाही. पण सांगून झाल्यावर जे होतं ते होत होतं. खांदे खाली येत होते. गोमाने वाद्य उजेडाकडे धरलं, मग कनवटीची एक बांबूची कांब काढली. वीतभर लांब, टोकाला एक अरुंद खाच. तबलीची जाडी तो ह्या खाचेनेच मोजायचा. खाच काठावर घट्ट बसली की रंधा थांबवायचा. सातही त्याने ह्याच कांबीने केली होती. त्याने खाच मधल्या भोकाच्या काठावर बसवली आणि ती लटपटली.

"पातळ," तो स्वतःशी म्हणाला. "पह्यलाच पातळ झाला माज्याकडून. म्हनून तडकला. तुजी एकटीची चूक नाय, बाय."

त्याला तिथंच थांबता आलं असतं, तिलाही. पण वैभवी रोज सकाळी सात वाजता कामाला लागण्याआधी एक गोष्ट करायची. वजनकाट्यावर ठरलेल्या वजनाचा पितळी ठोकळा ठेवायचा आणि काटा खरं बोलतोय का ते पाहायचं. कालचा नमुना तीनदा जुळला नाही तेव्हाही तिने आधी काटाच तपासला होता.

तिने हात पुढे केला. "कांब द्या."

तिने ती इंद्रजीतकाकांच्या वाद्याला लावली. थोडी सैल. मनीषचं सहावं, त्याला घट्ट बसली. मग तिने सहाही वाद्यं ओट्यावर केल्या सालाच्या क्रमाने मांडली आणि पुन्हा एकेकाला लावून बघितली. पहिलं सगळ्यात सैल, मग कमी, मग कमी, शेवटचं घट्ट. खाचेच्या आतल्या कडा वापरून वापरून काळ्या, गुळगुळीत झाल्या होत्या.

ती गोमाच्या कानाशी वाकली. "काका, पहिलं पातळ झालं नाही. कांब झिजलीय. खाच रुंद होत गेली, तशा तुमच्या तबल्या जाड होत गेल्या."

गोमाने कांब घेतली. बोटात फिरवली. खाचेत नख घालून बघितलं.

"तीस वर्सां," तो म्हणाला. "मला वाटायचा, माजा कानच आदी बिघडला. ह्ये लोक बेस बोलायचे, मला बेस वाटंना. मी बोललो, गोमा, तुलाच ऐकू येत नाय आता."

ते ऐकून इंद्रजीतकाकांनी घसा खाकरला. मग आपलं वाद्य पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मान वाकलीय थोडी. सात-आठ वर्षं झाली. तारा टेकतात त्या वरच्या पट्टीखाली मी बसचं तिकीट दुमडून घातलंय. कोणाला सांगितलं नव्हतं."

"बसचा तिकीट?" गोमा म्हणाला.

"पुठ्ठ्याचंही घालून बघितलं, नीट बसेना."

"माझं मागून उघडलेलं," मनीष म्हणाला. "होडीला लावतात ती राळ भरली. पाणी नाय जात आता. आवाज पण नाय जात." आणि मग सगळेच बोलायला लागले. खुंटी सरकते, मानेवरचा चौथा पडदा खोटा बोलतो, उन्हात ठेवलं की सांधा कुरकुरतो. जणू घरातल्या माणसांच्या तक्रारी सांगत होते, आणि गोमा, सकाळपासून पहिल्यांदाच, चहा मागत होता.

गलक्यात तो पुन्हा वैभवीकडे वळला. "पन मी सांगितला होता ना, जिथां मानसां बसतात तिथां टांगायचा. आपुन जी हवा खातो तीच त्याला. भिंतीवरशी काढला कशाला?"

तारांचं कारण तिच्या ओठांवर आलं. ते ओरडून सांगता आलं असतं. पण रामकिसन तिच्याकडे बघत होते. तिने ओरडून नाही, अगदी हळू सांगितलं.

"बाबा दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचे. कामावरून आले की तेच दिसायचं. मला ते बघवत नव्हतं."

"काय बोलली?" गोमाने विचारलं. बुधीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगितलं नाही.

रामकिसनच्या ओठांची जुळवाजुळव सुरू झाली. ती वाट बघत राहिली. घरी ती अशा वेळी त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. आज तिला काय पुरं करायचं ते माहीत नव्हतं.

"बघत नव्हतो," ते म्हणाले. "वाजवत होतो."

मग आणखी थोड्या वेळाने, "डोक्यात. ते समोर असलं की पडदे दिसतात. तू पेटीत घातलंस. मग... अडायला लागलं."

वैभवीने मान हलवली.

जेवणं झाली. गोमाने बांबूची नवी कांब तासली. पहिल्या मँडोलिनचा काठ वैभवीने धरला आणि गोमा खाच कोरत गेला, केसाकेसाने, ती काठावर घट्ट बसेपर्यंत. "आठवा असाच," तो म्हणाला. पातळ म्हणजे तडकण्याचा धोका, हे तिने त्याच्या कानात सांगून बघितलं. तो म्हणाला, "तडकला तं तडकला. सुकवायचा नाय, बस." तडा जोडायला मात्र त्याने नकार दिला. आता जोडला तर बाजूला फाटेल. तारा काढायच्या, भिंतीवर टांगायचं, अख्खा पावसाळा जाऊ द्यायचा. लाकूड पाणी पिऊन फुगेल, तडा आपला आपण मिटत येईल. मग आतून दोन पट्ट्या लावायच्या. "दिवालीला आन," तो म्हणाला. "मी असलो तं मी. नसलो तं तू लाव. हात बरा हाय तुजा."

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर मँडोलिनच्या आकाराचा एक फिकट डाग अजून होता. तीस वर्षांत त्याच्याभोवती रंग दोनदा दिला होता, त्याच्यामागे कधीच नाही. खिळ्याचं भोक वैभवीनेच पांढऱ्या सिमेंटने बुजवलं होतं. आता तिनेच ते पुन्हा फोडलं.

"आली का सवत जागेवर," मैनाबाई म्हणाल्या.

"तुला माहीत होतं, आई? बाबा मनात वाजवतात ते?"

"माहीत नसायला काय झालं? दुपारी विचारायची मी, काय चाललंय. म्हणायचे, दुसरा अंतरा."

"मग मला कामून नाही सांगितलं?"

"तू कधी विचारलं?" मैनाबाईंच्या आवाजात राग नव्हता. "तू यायची, जेवायची, झोपायची. तुझं तुला झालेलं असायचं बाई."

वैभवीने बिनतारांचं मँडोलिन खिळ्यावर अडकवलं. ते जरा तिरकं बसलं. रामकिसननी डाव्या हाताने खूण केली, तिने सरळ केलं. पेटीतलं छोटं यंत्र तिने टेबलावर ठेवलं. एकसष्ट. मग ती समोरच्या भिंतीला टेकून फरशीवर बसली. उद्या पुन्हा पहिली पाळी होती आणि पाचला उठायचं होतं.

रामकिसन भिंतीकडे बघत होते. खुर्चीच्या दांड्यावर डाव्या हाताची बोटं हलत होती. दीड वर्षांत ती पहिल्यांदाच नुसती बसून ते बघत होती. पहिलं बोट दाबलं, मग तिसरं, मग सगळा पंजा वर सरकला, थांबला, खाली आला. डॉक्टर म्हणाले तसं हे ‘असतं असं कधी कधी’ नव्हतं. हे मोजता येत होतं. एका ठिकाणी बोटं थबकली, मागे गेली, पुन्हा तिथंच येऊन थबकली.

"अडलं?" तिने विचारलं.

"व्हय," रामकिसन म्हणाले. नजर त्यांनी भिंतीवरून हलवली नाही. "इथं आधीपासूनच अडतं. थांब जरा."

ती थांबली.